वुलानतांतेचं दांगदुत

ज्या गाण्यातला एक शब्दही तुम्हाला कळत नाही, त्याला गोंगाट म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे असं म्हणतो. म्हणता. शेजारच्या घरातून तुमच्या भाषेतलं भजन आलं की खिडकी उघडी राहते, आणि दुसऱ्या कुणाचा ढोल वाजला की तीच खिडकी ओढून घेतली जाते. मी हे ठामपणे सांगते, कारण आमच्या गल्लीने हे केलं होतं, आणि माझ्या नावाने केलं होतं.

लॉकडाउनचा तो दुसरा हिवाळा. मी इयर ट्वेल्व्हला, म्हणजे बारावीला होते. आम्ही सिडनीच्या कडेला, स्कोफिल्ड्सला एका नव्या एस्टेटमध्ये राहत होतो, जिथे घरं इतकी चिकटून बांधली आहेत की एका घरात फोडणी पडली की पलीकडच्या घरात शिंक येते. काउन्सिलची हद्द जवळच संपायची. पलीकडे कॅसल हिलला नियम जरा सैल होते, आमच्याकडे मात्र बाहेर पडायला तासाभराचा व्यायाम हे एकच कारण, आणि अंधार पडल्यावर संचारबंदी. मराठी मंडळाच्या झूम मीटिंगला त्या बाजूचे लोक पार्कात फिरता फिरता बोलायचे आणि आम्ही आमच्या कपाटासमोर बसून. गल्लीत सकाळी कोकाटू पोपटांचा कलकलाट, अकराला घराघरातून एकदमच सुरू होणारी सरकारी पत्रकार परिषद, दुपारी वर घिरट्या घालणारं पोलिसांचं हेलिकॉप्टर. एवढ्या आवाजांवर आमचे महिने चालले होते. आई पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती, त्यामुळे ती रोज बाहेर जायची आणि परत आल्यावर गॅरेजमध्येच कपडे बदलायची. बाबा आयटीत टेस्टर, त्याचं ऑफिस डायनिंग टेबलावर. माझी शाळा माझ्या पलंगावर.

माझं मराठी पत्रकांवर वाढलं, हे इथे सांगायला हवं. आई आणि बाबा पुण्यात चळवळीत होते. भिंतीवर पोस्टर चिकटवताना त्यांची ओळख झाली, एकाच बादलीतली खळ दोघांच्या हाताला लागली असं बाबा सांगतो, आणि आई म्हणते, खळ मी शिजवली होती, तो फक्त बादली धरून उभा होता. ऑस्ट्रेलियात येताना त्यांनी भांडी मागे ठेवली आणि पत्रकांचा एक खोका आणला. पाणीप्रश्न, हुंडा, अंधश्रद्धा, गिरणी, विद्यापीठाची फीवाढ. मला गोष्टीची पुस्तकं उशिरा मिळाली. मी पहिलं सलग वाक्य वाचलं ते 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा', आणि सकाळी शाळेसाठी उठवतानाही बाबा तेच म्हणायचा. जेवताना कुणीतरी एक पत्रक मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी त्यातल्या चुका काढायच्या, हा आमच्या घरचा खेळ होता. आमच्या ओळखीच्या घरांतली मुलं इंग्रजीत उत्तरं द्यायची. मी मराठीत द्यायचे, पण सभेत बोलल्यासारखी. अजून तशीच देते. आता मी एका कामगार संघटनेच्या ऑफिसात पत्रकंच लिहिते, त्यामुळे ही सवय सुटायची काही शक्यता नाही.

आमच्या मागच्या कुंपणापलीकडे वुलानतांते राहायची. गल्ली आमच्या घराला वळसा घालून मागे जायची, त्यामुळे तिचं गॅरेज आमच्या अंगणातूनही दिसायचं आणि पुढच्या रस्त्यावरूनही. तांते म्हणजे मावशी. इंडोनेशियात आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला असंच हाक मारतात, आणि तिनेच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं की 'मिसेस' म्हणालीस तर मी वळून बघणार नाही. ती पूर्व जावाची. वृद्धाश्रमात कामाला होती. तिचा नवरा हादी गोदामाचा ट्रक चालवायचा. घर भाड्याचं होतं. कुंपणावरून आमची देवाणघेवाण चालायची. आईकडून थालीपीठ जायचं, तिकडून पेयेक यायचं, म्हणजे तांदळाच्या पिठात शेंगदाणे घालून तळलेले कुरकुरीत पातळ तुकडे. पहिला घास घेतला की बाबा म्हणायचा, "अरे, हे तर आपलंच." मिरचीचं सांबल आलं, आपलंच. पालेभाजीवर शेंगदाण्याची चटणी ओतून आली, आपलंच. एकदा आईने विचारलं, "तुझं नाही असं त्या बाईकडे काही आहे का?" बाबा विचारात पडला आणि तोवर पेयेक संपलं.

रविवारी चार वाजता तिच्या गॅरेजमधून आवाज सुरू व्हायचा. आधी कीबोर्डचा एक लांब सूर, मग ढोलकीसारखा ठेका, पण ढोलकीपेक्षा घाईचा, जणू कुणीतरी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या एकदम उतरतंय. मग तिचा आवाज. वृद्धाश्रमातून थकून येणाऱ्या, हळू बोलणाऱ्या बाईचा तो आवाज आहे यावर माझा विश्वास बसेना. मी खुर्चीवर चढून कुंपणावरून बघितलं. गॅरेज अर्धं उघडं, आत रिंग लाइट, हादीअंकल कीबोर्डवर, आणि चकाकत्या हिरव्या ब्लाउजमध्ये वुलानतांते फोनकडे बघून गातेय. तिने मला बघितलं आणि गाण्यातली ओळ न तोडता हाताने खूण केली, पडशील.

तिच्याकडून मला कळलं की या गाण्याला दांगदुत म्हणतात, आणि हे नाव तालावरूनच आलंय, एक दांग आणि एक दुत. लग्नापूर्वी ती एका वाद्यवृंदाबरोबर गावोगाव गायची, शेतात उभारलेल्या स्टेजवर, लग्नांत, सुंता-समारंभांत, निवडणुकीच्या सभांत. सिडनीत आल्यावर ते सुटलं. लॉकडाउनमध्ये हादीअंकलने कपाटातून कीबोर्ड काढला. सगळा वाद्यवृंद त्या एका यंत्रात होता, बासरीपासून ढोलापर्यंत, आणि तिकडे खेड्यापाड्यातली लग्नं अशीच एका कीबोर्डवाल्यावर निघतात असं तो अभिमानाने सांगायचा. मग फोन लावला, लाइव्ह गेले, आणि लोक यायला लागले. हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या बायका, सुट्टीच्या दिवशी जिन्यात बसून ऐकणाऱ्या. तैवानच्या कारखान्यातली पोरं. बोटीवरचे खलाशी. दोन गाण्यांच्या मध्ये तांते त्यांचे निरोप वाचायची. ही दांगदुतची रीत आहे. प्रेक्षक आपलं नाव, गाव आणि कुणासाठी तरी एक सलाम पाठवतो, आणि गायिका तो स्टेजवरून बोलते, कधी गाण्याच्या मधोमध, ठेका न सोडता. तैवानहून अमुक आपल्या आईला सलाम पाठवतोय, बोटीवरून तमुक आपल्या बायकोला, आणि बायको तिकडे जावात तेच लाइव्ह बघत असायची. विमानं बंद होती. माणसं एकमेकांना भेटत होती ती वुलानतांतेच्या गॅरेजमध्ये.

अभ्यासाच्या मधल्या वेळात मी कुंपणापाशी बसून तिच्याकडून तिच्या देशाचा करमणुकीचा सगळा कारभार शिकून घेतला. तिथे टीव्हीवर दांगदुतच्या स्पर्धा चालतात, ज्यात गाणी थोडी आणि परीक्षकांची थट्टामस्करी जास्त, आणि लोक ती थट्टा ऐकायलाच बसतात. मालिकांमध्ये दुष्ट सासू इतक्या जवळून दाखवतात की तिच्या नाकपुड्याही अभिनय करतात. भुताचे सिनेमे सगळ्यांत जोरात चालतात. तिथलं एक भूत कफनात बांधलेलं असतं, त्यामुळे त्याला चालता येत नाही, ते उड्या मारत येतं. तांतेच्या बहिणीच्या भागात लॉकडाउन सुरू झाल्यावर पोरांनी डोकं लढवलं. लोक घरात थांबत नाहीत ना, मग दोघांना पांढऱ्या कफनात बांधून गल्लीच्या तोंडाशी बसवलं. "मग लोक थांबले घरात?" मी विचारलं. "कसले थांबतात," तांते म्हणाली, "सगळं गाव भूत बघायला बाहेर आलं."

आणि गाण्यांत सध्या काय चाललंय, तर मन मोडलेली जावानीज गाणी. नवी पिढी टी-शर्ट घालून हजारोंनी जमते, गायकाबरोबर रडते आणि रडताना नाचते. मला हे समजेना. तांतेच्या एका गाण्याचा अर्थ मी तिच्याकडून ओळीओळीने घेतला होता. भात कापणी झाली की येतो असं सांगून गेलेला माणूस, कापण्या होऊन गेल्या तरी येत नाही. बाई त्याची मोटारसायकल विकून टाकते, पण किल्ली ठेवते. मी म्हटलं, "हे इतकं दुःखाचं, आणि ठेका लग्नाच्या वरातीचा?" तांते म्हणाली, "न्दुक, दुःख बसून केलं तर जड होतं. पाय हलवत केलं की घरापर्यंत नेता येतं." न्दुक म्हणजे पोरी. आमच्या खोक्यातल्या कुठल्याच पत्रकात इतकं नेमकं वाक्य नव्हतं, आणि मला त्याचा थोडा रागही आला.

एकदा तिने एक जुनं गाणं लावलं आणि बाबा लॅपटॉप सोडून मागच्या अंगणात धावत आला. "ही आपली चाल. हिंदी सिनेमातली. चोरली या लोकांनी."

"हो, घेतली," तांते कुंपणापलीकडून म्हणाली. "आमच्या आजोबांच्या वेळी तुमचे सिनेमे मैदानात दाखवायचे. तबला पण घेतला. ब्रदर, तुमच्या सिनेमात त्या चालीवर काय होतं?"

बाबाने आठवून सांगितलं, "हिरो-हिरॉइन बागेत फिरतात."

"बघ. आम्ही ती बाईच्या हातात माईकसकट दिली. बागेतून बाहेर काढली."

बाबा मान खाजवत लॅपटॉपकडे परत निघाला. आई खिडकीतून म्हणाली, "परत कर म्हणावं का चाल?"

मग गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो मेसेज आला. लिहिणारी विद्याकाकू, आमच्या समोर तिरपं घर, शनिवारच्या मराठी शाळेत मला शिकवलेली, मंडळाच्या कार्यकारिणीत कायम. 'नमस्कार मंडळी. दर रविवारी मागच्या ओळीतल्या गॅरेजमध्ये जे चालतं त्याबद्दल आता बोलायलाच हवं. आपल्या गल्लीत एचएससीची मुलं आहेत. त्यांच्या अभ्यासाचं नुकसान होतंय. शिवाय ती गाणी आणि ते हावभाव कसले आहेत हे व्हिडिओ बघितलात तर कळेल. मुलांवर काय संस्कार होणार?' खाली अंगठ्यांची रांग लागली. कुणीतरी लिहिलं की घर भाड्याचं आहे, एजंटला कळवावं. कुणीतरी लगेच कळवलंही.

आमच्या गल्लीत एचएससीची मुलं म्हणजे मी. दुसरं कुणी नव्हतं.

एजंटचा फोन तांतेला आला. आणखी एक तक्रार आली तर वसंतात करार वाढवून मिळणार नाही, एवढंच त्याने गोड आवाजात सांगितलं. त्या काळात भाड्याचं घर बदलणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलं त्यांनाच माहीत. घर बघायला जायची सोय नाही, सामान हलवायला माणूस नाही, आणि तिच्या नोकरीचा वृद्धाश्रम इथून जवळ. त्या रविवारी चार वाजले आणि काहीच वाजलं नाही. मी कुंपणापाशी गेले. तांते कपडे वाळत घालत होती.

"हेडफोन लावून करता येईल ना?" मी विचारलं.

हादीअंकल गॅरेजच्या दारातून म्हणाला, "हेडफोनवर दांगदुत म्हणजे पाण्यात भिजवलेला पापड."

तांते हसली नाही. "स्टेजवर मला लोक याहून वाईट बोललेत, न्दुक. त्याचं काही वाटत नाही. प्रश्न घराचा आहे." फोन तिच्या खिशात सारखा वाजत होता. हाँगकाँग, तैवान, बोटी विचारत होत्या, आज काय झालं.

मी घरात गेले आणि टेबलावरचा बाबाचा लॅपटॉप बाजूला सरकवला. "मीटिंग चालू आहे," बाबा कुजबुजला. "बंधू-भगिनींनो, म्यूट करा," मी म्हटलं, आणि लिहायला बसले. पहिला मसुदा आईने वाचला. लॅबमधून आली होती, केस ओले, हातात चहा. "पहिल्याच वाक्यात शिवी दिलीस तर दुसरं वाक्य कोण वाचेल? शिवी तिसऱ्या परिच्छेदात घालायची, तोवर माणूस अडकलेला असतो." बाबाने विशेषणं कापली. मी दोन परत घातली. मागच्या बाजूला तेच इंग्रजीत, कारण गल्लीत तेलुगू होते, पंजाबी होते, आणि कोपऱ्यावर एक म्हातारं ऑसी, म्हणजे मूळचं इथलंच, जोडपं होतं. वरती मथळा दिला, 'ज्या मुलीच्या अभ्यासाची काळजी करता, ती बोलतेय'. शेवटी छापला तो मजकूर असा होता:

'आपल्या गल्लीतली एचएससीची मुलं म्हणजे मी. मला कुणी विचारलं नाही, म्हणून स्वतः सांगते. दांगदुतने माझ्या अभ्यासाला त्रास होत नाही. शनिवारी सकाळी पाला उडवणाऱ्या लीफ ब्लोअरने होतो, पण त्याच्या संस्कारांबद्दल ग्रुपवर कुणी लिहिलं नाही. महाराष्ट्र दिनाला आपण हॉल भाड्याने घेतो, डॉक्टर आणि इंजिनिअर बायका नऊवारी नेसून लावणी करतात, पुढची रांग शिट्ट्या मारते. ती कला. तीच कंबर जावाच्या ठेक्यावर हलली की असभ्यता. ही लबाडी आहे, आणि आपण सगळे ती ओळखतो. ज्यांना हे गाणं आवडेल त्यांनीही "हे आपलंच" म्हणून ते खिशात घालू नये. ते आपलं नाही. त्यांचं आहे, म्हणून ऐकायचं. येत्या रविवारी चार वाजता आपापल्या ड्राइव्हवेमध्ये उभे राहा. स्वतःच्या जागेत उभं राहायला बंदी नाही. ऐकूनही तक्रार करावीशी वाटली तर करा. पण स्वतःच्या नावाने करा. माझं नाव वापरायचं नाही.'

छापण्याआधी मी कागद कुंपणावरून तांतेला दिला. घर तिचं जाणार होतं, निर्णय तिचाच हवा. तिने इंग्रजी बाजू दोनदा वाचली, हादीअंकलला वाचून दाखवली, आणि दोघं जावानीजमध्ये बराच वेळ बोलले. तोवर त्यात तांतेला मी एके ठिकाणी 'बिचारी', इंग्रजीत 'पूअर लेडी', म्हटलं होतं. तिने तो शब्द नखाने खरवडून दाखवला. "हा काढ. बिचारी मी नाही. मी सिंगर आहे." मग कागद परत दिला. "छाप. पुन्हा तक्रार झाली तर आम्ही घर शोधू. पण गप्प बसून घर वाचवलं तर त्या घरात करायचं काय?"

व्यायामाच्या तासात मी पत्रकं वाटली, मास्क लावून, लेटरबॉक्समध्ये एकेक. विद्याकाकूंच्या घरापाशी त्या स्वतःच उभ्या होत्या, हातात पाण्याचा पाइप.

"मास्क नाकावर घे."

"नाकावरच आहे, काकू."

त्यांनी लांबूनच पत्रक घेतलं, चष्मा वर केला, वाचलं. पाइपातलं पाणी एकाच झाडावर पडत राहिलं. "मी तुला मराठी शिकवलं ते यासाठी?"

"यासाठीच असेल. नाहीतर सिडनीत कुठे वापरू?"

"कंबर हा शब्द घातलाच पाहिजे होता का?"

"तुम्ही व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलात?"

"थोडा बघितला."

"त्या थोड्यात कंबर होती?"

काकूंनी पाइप खाली ठेवला. "नव्हती," त्या म्हणाल्या. मला वाटलं आता भाषण येणार. आलं ते वेगळंच. "अमेयचा फोन असतो गं रविवारी चारला. मेलबर्नहून. आठवड्यातून तेवढाच. तो आधीच पुटपुटतो, त्यात तो ढोल. मला त्याचं ऐकूच येत नाही. हो हो म्हणत राहते."

काकू एकट्या राहायच्या. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्याही लक्षात नव्हतं.

"मग हेच का नाही लिहिलंत ग्रुपवर?"

"असं कुणी लिहितं का?" त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी त्यांना गॅलरीत आंघोळ करायला सांगितली. "मला मुलाचं ऐकू येत नाही, आवाज कमी करा? लोक काय म्हणतील, मुलगा आठवड्यातून एकदाच फोन करतो म्हणून? मुलांचा अभ्यास म्हटलं की कुणी काही विचारत नाही."

आपल्या लोकांचं हे मला तेव्हा उमगलं आणि त्यानंतर मी ते शेकडो सभांत बघितलं आहे. स्वतःसाठी मागणं आपल्याला लाजेचं वाटतं, म्हणून आपण मुलांना पुढे करतो. अभ्यास, संस्कार, पुढची पिढी. आणि त्या पाटीमागे उभं राहून एखाद्याचं घर घालवतो. काकू दुष्ट नव्हत्या. पण त्यांचा संकोच तांतेला महागात पडणार होता, आणि हे मी त्यांना तसंच सांगितलं. "काकू, तुमचा फोन वाचवायला तांतेचं घर जातंय." एजंटने तांतेला दिलेली धमकी त्यांना माहीत नव्हती. त्या पाइप तसाच चालू ठेवून आत गेल्या. नळ मीच बंद केला.

हे सगळं मी तांतेला सांगितलं. तिने फक्त विचारलं, "मुलाचं नाव काय म्हणालीस?"

रविवार उजाडला तो वाऱ्याचा. चारला थोडा वेळ होता तेव्हा बाबा ड्राइव्हवेमध्ये घडीची खुर्ची घेऊन बसला, आणि बाकीचे येतात की नाही हे बघायचं नाही असं ठरवून सारखा बघत होता. हादीअंकलने गॅरेजसमोरचा ट्रक काढून पलीकडच्या मोकळ्या जागेत लावला आणि स्पीकर गॅरेजच्या तोंडाशी आणला, म्हणजे आमच्या ओळीलाही ऐकू यावं. आधी म्हातारं ऑसी जोडपं बाहेर आलं, हातात बिअर. मग पंजाब्यांची तीन मुलं. मग तेलुगू काका, जे फक्त कचऱ्याचा डबा आत घ्यायला आल्यासारखे आले आणि डबा धरून तिथेच थांबले. एकेक गॅरेज उघडत गेलं. विद्याकाकूंचं दार बंद होतं.

तांतेने हिरवा ब्लाउज घातला होता. तिने माईक हातात घेतला, फोनमधल्या लोकांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, आणि मग इंग्रजीत, आमच्याकडे वळून, सलाम द्यायला सुरुवात केली. खाली कीबोर्डचा ठेका हळू चालू. कोपऱ्यावरच्या जोडप्याला सलाम, ज्यांच्या लिंबाच्या झाडाची लिंबं आमच्या घरी येतात. पंजाबी घराला सलाम, ज्यांचा मुलगा बास्केटबॉल माझ्या भिंतीवर मारतो, नेम सुधारतोय. पुढच्या घरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या सिस्टरला सलाम. आईने कंबरेवर हात ठेवले आणि जमिनीकडे बघितलं. गल्लीला स्वतःचंच नाव स्पीकरमधून ऐकायची सवय नव्हती. लोक हसत होते आणि हसता हसता पुढे सरकत होते, आपापल्या ड्राइव्हवेच्या कडेपर्यंत.

तेवढ्यात काकूंचं दार उघडलं. त्या फोन कानाला लावून बाहेर आल्या. चार वाजले होते, मुलाचा फोन चालू होता.

तांतेने ठेका थांबू दिला नाही. "आणि सलाम मेलबर्नला," ती म्हणाली, "ब्रदर अमेय. आता तू आईशी बोलतोयस. मला माहीत आहे माझ्या आवाजात तिला तुझं ऐकू येत नाही. म्हणून आज आधी मी थांबते. तू बोल. झालं की तिला सांग फोन वर धरायला. टीचरसाठी मी हळू गाणं ठेवलंय."

आणि ती खरंच थांबली. हादीअंकलने कीबोर्डवरून हात उचलले. अख्खी गल्ली उभी होती, फोनमध्ये हाँगकाँग आणि तैवान थांबले होते, आणि विद्याकाकू आपल्या ड्राइव्हवेमध्ये मुलाशी बोलत होत्या. काय बोलल्या ते कुणी ऐकलं नाही, कुणी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. तेलुगू काकांनी डबा खाली ठेवला. मग काकूंनी फोन कानावरून काढला, व्हिडिओ लावला आणि दोन्ही हातांनी गॅरेजच्या दिशेने वर धरला.

"हळू गाणं कशाला?" त्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. "मी काय म्हातारी आहे?"

मी भाषांतर केलं. तांतेने हादीअंकलकडे बघितलं, आणि त्याने ती मोटारसायकलवाली चाल काढली, पूर्ण वेगात. गल्लीत माझ्याशिवाय कुणाला अर्थ माहीत नव्हता. पंजाबी मुलं आधी नाचली. ऑसी आजोबा बिअर न सांडता नाचले. बाबा खुर्चीवर ठेका धरून होता, आणि मध्येच माझ्याकडे वळून काहीतरी म्हणायला त्याने तोंड उघडलं. आईने त्याच्याकडे बघितलं. त्याने ते मिटलं. विद्याकाकू नाचल्या नाहीत, त्यांचे दोन्ही हात फोनमध्ये अडकलेले होते, पण चपला हलत होत्या.

सोमवारी त्यांनी एजंटला फोन केला. काय बोलल्या हे मला कळलं नाही, एवढंच कळलं की त्यांनी त्या माणसाचं पूर्ण नाव विचारलं, जसं गृहपाठ विसरलेल्या मुलाला विचारायच्या. ग्रुपवर त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिलं, 'तक्रार माझी होती, कारण माझं वैयक्तिक होतं, आणि ते मिटलं आहे.' तांतेचा करार वाढला. लाइव्ह अर्ध्या तासाने पुढे गेलं, फोन झाल्यावर.

लॉकडाउन उठल्यावर मंडळाचा पहिला कार्यक्रम केलीव्हिलच्या एका हॉलमध्ये झाला, आणि काकूंनी कार्यकारिणीशी भांडून तांतेला दहा मिनिटं मिळवली. विंगेत त्या मला निवेदन वाचून दाखवायला लागल्या, 'आता पाहू या इंडोनेशियाची लावणी.' तांतेने विचारलं, काय म्हणतेय ती. मी सांगितलं. "नाही," तांते म्हणाली, "दांगदुत म्हण." काकू म्हणाल्या, लोकांना कळणार नाही. तांते म्हणाली, मग दहा मिनिटांनी कळेल. काकूंनी कागदावरची ओळ खोडली, स्टेजवर गेल्या आणि म्हणाल्या, "वुलान. दांगदुत." आणि बाजूला झाल्या. मी आजवर ऐकलेलं सगळ्यांत चांगलं निवेदन ते आहे.

तर माझं मागणं हे आहे, आणि मी ते मुलांच्या नावाने मागत नाही, माझ्यासाठी मागते. तुमच्या मंडळाच्या, सोसायटीच्या, ऑफिसच्या पुढच्या कार्यक्रमात दहा मिनिटं मोकळी ठेवा. तुमच्या शेजारी राहणाऱ्या, तुमच्या भाषेबाहेरच्या एका माणसाकडे स्वतः जा आणि विचारा की तुम्ही काय गाता. गाणं त्यांना निवडू द्या. निवेदनात त्यांचं नाव आणि त्यांच्या गाण्याचं नाव घ्या, त्यापलीकडे एक शब्द नको. आणि हे उद्यावर टाकू नका. कार्यक्रमपत्रिका छापून झाल्यावर जागा उरत नाही.